हरलेल्याची खात्री

नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये १९५१ साली रुपयाच्या नोटेएवढ्या कागदांचे गठ्ठे छापून निघत होते आणि प्रत्येक कागदावर वेगळा क्रमांक पडत होता. त्याच सुमारास विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात लोखंडी पेट्यांचे ढीग लागत होते. स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीला वीस लाखांहून अधिक मतपेट्या लागल्या. त्यांतल्या लाखो पेट्या या एका कारखान्यातून गेल्या. जोडीला सुमारे ३ लाख ९० हजार बाटल्या शाई. या निवडणुकीची हकीगत आपण बहुधा श्रद्धेची हकीगत म्हणून सांगतो. निरक्षर पण शहाणा मतदार, डोंगर उतरून आलेल्या म्हाताऱ्या, देवासमोर उभे राहावे तसे पेटीसमोर उभे राहणारे लोक. त्यात खोटे काही नाही. पण क्रमांक टाकलेला कागद, मोहोरबंद पेटी आणि बोटावरची शाई या वस्तू श्रद्धेतून तयार होत नाहीत. मतदार दोनदा येईल, कारकून पेटी उघडेल, उमेदवार कागद विकत घेईल आणि सरकार या सगळ्याकडे काणाडोळा करेल, असे आधीच धरून चालणाऱ्या माणसांनी त्या योजल्या होत्या. निवडणुकीचा निकाल जिंकलेल्याला पटवावा लागत नाही. तो पटवायचा असतो हरलेल्याला. त्यामुळे भारतात निवडणुका कशा राखल्या गेल्या हे पाहायचे तर प्रतिस्पर्ध्याच्या माणसाला कुठे बसू दिले आणि काय पाहू दिले, याचा हिशेब मांडावा लागतो. माझे म्हणणे असे की जिथवर त्याची नजर पोचली तिथला गैरव्यवहार दशकागणिक आटत गेला, आणि जिथे ती पोचू दिली गेली नाही तिथे तो आजही मुक्कामाला आहे.

पहिला संशय राज्यकर्त्यांवरच होता. ब्रिटिशांच्या १९३५ च्या कायद्याखाली मताचा हक्क मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटींवर मिळत असे. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकांत तो साधारण तीन कोटी लोकांपुरता होता. घटनासमितीच्या सचिवालयाने १९४८ च्या मार्चमध्ये प्रौढ मताधिकाराच्या याद्यांची तयारी सुरू करा असे प्रांतांना आणि संस्थानांना कळवले, तेव्हा संविधान लिहून व्हायचे होते. मतदार आधी नोंदले गेले, त्यांना हक्क देणारा कागद नंतर मंजूर झाला. असा उलटा क्रम जगात फार ठिकाणी सापडणार नाही. आणि यादीचे काम सुरू होताच यादीतली लबाडीही सुरू झाली. इतिहासकार ओर्नित शानी यांनी त्या काळचा पत्रव्यवहार उकरून दाखवले आहे की फाळणीत आलेल्या निर्वासितांना ‘तरती लोकसंख्या’ ठरवून बाहेर ठेवण्याचा प्रयत्न आसामात झाला, आणि तिथल्या नागरिक संघटनांनी थेट दिल्लीला पत्रे लिहून त्याला वाचा फोडली. निर्वासिताने इथेच कायम राहण्याचा इरादा जाहीर केला तर त्याचे नाव घ्यावे, असा तोडगा सचिवालयाने काढला. या तक्रारींचे पडसाद घटनासमितीत उमटले. मूळ मसुद्यात प्रांतिक निवडणुकांसाठी प्रांताप्रांताचे वेगळे आयोग होते. १५ जून १९४९ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी ती रचना मोडून सगळ्या देशासाठी एकच निवडणूक आयोग सुचवला. कारण त्यांनी स्वच्छ सांगितले: काही प्रांतांची सरकारे वंशाने, भाषेने किंवा संस्कृतीने आपल्यातली नसलेली माणसे यादीतून गाळत आहेत. आज आपण कलम ३२४ म्हणतो ते असे एका प्रत्यक्ष तक्रारीतून आले.

त्याच चर्चेत दुसरा संशय पुढे आला, आणि त्याचे उत्तर मात्र मिळाले नाही. प्रांतांवर विश्वास नाही म्हणून सगळे दिल्लीच्या हाती द्यायचे, तर दिल्लीवर विश्वास का ठेवायचा, असा हृदयनाथ कुंझरू यांचा आक्षेप होता. राष्ट्रपतीने नेमायचे म्हणजे पंतप्रधानाने नेमायचे, हे सगळ्यांना समजत होते. मुख्य निवडणूक आयुक्ताच्या नेमणुकीला संसदेच्या दोन-तृतीयांश बहुमताची मान्यता हवी, असे शिब्बनलाल सक्सेना यांनी सुचवले. आंबेडकरांनी दुसऱ्या दिवशी उत्तर देताना आक्षेपातले तथ्य नाकारले नाही. मूर्ख, लबाड किंवा सरकारच्या मुठीतला माणूस या पदावर नेमला जाऊ नये यासाठी संविधानात काहीच तरतूद नाही, हे त्यांनी उघड मान्य केले. शेवटी ठरले ते एवढेच की संसद कायदा करेल, तोवर राष्ट्रपती नेमतील. तो कायदा व्हायला पुढे चौऱ्याहत्तर वर्षे लागली.

सुकुमार सेन २१ मार्च १९५० रोजी पहिले मुख्य निवडणूक आयुक्त झाले. त्याआधी ते पश्चिम बंगालचे मुख्य सचिव होते, आणि गणिती. यादीत १७ कोटी ३२ लाख नावे भरली. पण उत्तर आणि मध्य भारतातल्या बऱ्याच स्त्रियांनी आपले नाव सांगितले नव्हते. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढीच नोंद. सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे वगळली. निर्णय कठोर होता आणि त्यावर टीकाही झाली. मला तो पटतो, पण केवळ स्त्रीच्या स्वतंत्र ओळखीचा प्रश्न म्हणून नाही. ‘रामप्रसादची बायको’ या नोंदीवर कोणीही बाई येऊन मत देऊ शकते आणि समोर बसलेल्या उमेदवाराच्या प्रतिनिधीला हरकत घेता येत नाही. हरकत घ्यायची तर समोरच्या माणसाला नाव हवे.

पेट्यांचा इतिहास याहून बोधप्रद आहे. १९५१ च्या जनगणनेत साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती, म्हणून सेन यांनी प्रत्येक उमेदवाराला स्वतंत्र पेटी दिली आणि तिच्यावर चिन्ह चिकटवले: काँग्रेसची बैलजोडी, किसान मजदूर प्रजा पक्षाची झोपडी, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा हत्ती. मतदाराने कागदावर काही खूण करायची नव्हती. पडद्याआड जाऊन कोरा कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. सोय मतदाराची होती, पण तिने लबाडाचीही सोय केली. पडद्याआड गेलेल्या माणसाने कागद पेटीत न टाकता खिशात घातला तर बाहेर तो विकता येई. विकत घेणारा असे पाच-दहा कागद जमवून आपल्या माणसाकरवी एका दमात आपल्या पेटीत टाकी. कागदावर खूणच नसल्यामुळे कोणता कागद कोणाच्या हातून पडला हे पुढे कोणाला सांगता येत नसे. प्रतिनिधी केंद्रात होता, पण लबाडी पडद्याआड होती, आणि गुप्त मतदानाचा पडदा तर काढता येत नव्हता. पेचाचे मूळ इथे आहे: मतदाराकडे कोणी पाहू नये आणि मताकडे मात्र सगळ्यांनी पाहावे, ही दोन्ही कामे एकाच वेळी करायची.

या रचनेतली एक अडचण मुंबईने चांगलीच भोगली. तेव्हा काही मतदारसंघ द्विसदस्य होते, एक जागा सर्वसाधारण आणि एक राखीव, आणि मतदाराला दोन मते. दोन्ही मते एकाच उमेदवाराला दिली तर एक बाद. उत्तर मुंबईत राखीव जागेवर आंबेडकर उभे होते आणि काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून ते पंधरा हजारांच्या आत मतांनी हरले. चौऱ्याहत्तर हजारांहून अधिक मते बाद झाली होती. आंबेडकर आणि सर्वसाधारण जागेवर हरलेले अशोक मेहता यांनी निवडणूक याचिका केली. मते वाया घालवण्याचा प्रचार झाला असा त्यांचा आरोप होता. याचिका फेटाळली गेली. ज्यांनी तीन वर्षांपूर्वी आयोगाचे कलम मांडले, तेच आता हरलेला उमेदवार म्हणून त्या व्यवस्थेकडे दाद मागत होते. निकाल त्यांना पटला नाही, पण आक्षेप ज्या दारात मांडायचा ते दार त्यांनी वापरले. द्विसदस्य मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने गेले. पेट्यांची पद्धतही फार टिकली नाही. केरळ आणि ओरिसाच्या मध्यावधी निवडणुकांत नवी पद्धत अजमावली गेली आणि १९६२ पासून देशभर सर्व उमेदवारांची नावे-चिन्हे असलेली एकच मतपत्रिका, एकच पेटी आणि रबरी शिक्का आला. त्याच निवडणुकीपासून म्हैसूरच्या सरकारी रंगकारखान्यात तयार होणारी, सिल्व्हर नायट्रेट असलेली शाई डाव्या हाताच्या तर्जनीवर लागू लागली. ती पुसता येत नाही एवढाच तिचा गुण नाही. ती केंद्रातल्या प्रत्येकाला दिसते, शिकलेल्याला आणि न शिकलेल्याला सारखीच.

यंत्रे आल्यावर निकालांवर अविश्वास सुरू झाला, असे आज अनेकजण समजतात. त्यांना १९७१ ची आठवण करून द्यावीशी वाटते. त्या वर्षी इंदिरा गांधींच्या काँग्रेसला मोठा विजय मिळाल्यावर जनसंघाचे बलराज मधोक यांनी आरोप केला की मतपत्रिकांवर रसायन लावलेले होते, मतदाराने उठवलेली खूण उडून जात होती आणि गायी-वासराच्या चिन्हावर आधीच उमटवलेली अदृश्य खूण प्रकट होत होती. आज हसू येते, पण सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा हसून विषय सोडला नाही. नमुन्यादाखल काही मतपत्रिका तपासायला परवानगी दिली. आरोप टिकला नाही. माझ्या मते निवडणूक राखण्याची योग्य रीत हीच: आरोप कितीही अचाट असो, तपासण्याजोगा असेल तर तपासू द्यावा. नकारामुळे अफवा वाढते. तपासणीने ती मरते किंवा खरी ठरते, आणि दोन्ही प्रकारे हिशेब मिटतो.

सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत लबाडीने वेगळा मार्ग धरला. लपूनछपून काही करण्याऐवजी बंदूक घेऊन केंद्रात शिरायचे, प्रतिनिधींना हाकलायचे आणि मतपत्रिकांच्या गठ्ठ्यांवर शिक्के मारून पेटी भरायची. हिंदी पट्ट्यात याला बूथ कॅप्चरिंग हे नाव पडले, आपल्याकडे मतदान केंद्र बळकावणे. इथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की बळकावणारा सर्वांत आधी काय करतो? प्रतिस्पर्ध्याचा माणूस उठवतो. गढवालच्या १९८१ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत आयोगाला न विचारता बाहेरच्या राज्यांतून पोलीस आणले गेले, तेव्हा मुख्य निवडणूक आयुक्त श्यामलाल शकधर यांनी संपूर्ण मतदान रद्द केले. हरियाणातल्या महमची १९९० ची पोटनिवडणूकही हिंसेमुळे रद्द झाली. दरम्यान लोकप्रतिनिधित्व कायद्यात केंद्र बळकावणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला आणि असे झाल्यास मतदान रद्द करण्याचा अधिकार आयोगाला मिळाला. कोणी म्हणेल, नियम होते तरी काश्मीरात १९८७ ला काय झाले? प्रश्न रास्त आहे. तिथे मतपत्रिका होत्या, पेट्या होत्या, निवडणूक निर्णय अधिकारी होते. पण मोजणीतल्या गैरप्रकारांचे आरोप होत असताना विरोधी आघाडीच्या उमेदवारांना आणि प्रतिनिधींना अटका झाल्या, त्यांपैकी काहीजण पुढे सीमेपलीकडे गेले. नियमपुस्तक तेच होते. खुर्ची रिकामी केली गेली होती. पुढच्या दशकांत या राज्याने दिलेली किंमत पाहता, प्रतिनिधीची खुर्ची ही किरकोळ बाब आहे असे म्हणायला कोणी धजणार नाही.

यंत्राची कथा केरळातल्या परूरपासून सुरू होते आणि तीही हरलेल्याचीच आहे. १९ मे १९८२ रोजी तिथल्या ५० केंद्रांवर मतदान यंत्रे पहिल्यांदा वापरली गेली. भाकपचे शिवन पिल्लै यांनी यंत्रांना आधीच विरोध केला होता, आणि १२३ मतांनी तेच जिंकले. मग हरलेले काँग्रेसचे ए. सी. जोस न्यायालयात गेले. १९८४ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की कायद्यात यंत्राची तरतूदच नाही. त्या ५० केंद्रांवर मतपत्रिकेने फेरमतदान झाले आणि जोस निवडून आले. यंत्रात दोष आहे असे न्यायालयाने म्हटले नव्हते. कायद्यात कलम ६१अ येऊन यंत्राला आधार मिळायला १९८९ उजाडले आणि देशभरातल्या सर्व लोकसभा मतदारसंघांत यंत्र पोचायला २००४. केंद्र बळकावणाऱ्यांचा धंदा त्याने बसवला, हे त्याच्या विरोधकांनीही मान्य करावे. यंत्र मिनिटाला चार-पाचच मते घेते; हजार मते कोंबायची तर तीन-चार तास केंद्र ताब्यात ठेवावे लागते, आणि केंद्राध्यक्षाने बंद करण्याचे बटण दाबले की सगळेच संपते. गठ्ठ्यावर शिक्के मारायला असा वेळ लागत नव्हता.

पण यंत्राने पाहणाऱ्याची नजर एका ठिकाणी बोथट केली, हा आक्षेप मला खरा वाटतो. मतपत्रिका मोजताना उभा असलेला प्रतिनिधी चौथी शिकलेला असला तरी त्याला शिक्का दिसत होता. यंत्राच्या आत काय चालते हे त्याला दिसत नाही आणि अभियंत्यावर विसंबावे लागते. जर्मनीच्या संविधान न्यायालयाने २००९ साली नेमके हेच कारण दिले: मतमोजणीचे महत्त्वाचे टप्पे सामान्य नागरिकाला विशेष तांत्रिक ज्ञानाशिवाय तपासता आले पाहिजेत. आपल्याकडे याला दिलेले उत्तर टप्प्याटप्प्याने आले. मतदानाआधी प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान, सीलच्या क्रमांकांवर त्यांच्या सह्या, मतदान संपताच एकूण मतांचा आकडा लिहिलेला नमुना १७क त्यांच्या हातात, सुरक्षित खोलीच्या दारावर रात्रभर पक्षांचा पहारा. मग सुब्रमण्यम स्वामींच्या याचिकेवर २०१३ चा निकाल आला आणि मत कोणाला गेले हे दाखवणारी, सात सेकंद काचेमागे दिसणारी व्हीव्हीपॅटची छापील चिठ्ठी आली. विधानसभेच्या प्रत्येक मतदारसंघातल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून पडताळतात. संख्याशास्त्राला पाच पुरेशा असतील, सातारच्या किंवा बेगुसरायच्या हरलेल्या उमेदवाराला त्या पुरेशा वाटत नाहीत, आणि खात्री त्याची करायची आहे. २६ एप्रिल २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मतपत्रिकेकडे परत जाणे नाकारले. शंभर टक्के चिठ्ठ्या मोजण्याची मागणीही मान्य झाली नाही. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला पाच टक्के यंत्रांची तपासणी स्वतःच्या खर्चाने मागण्याचा हक्क दिला. त्या निकालातला सर्वांत दूरदर्शी भाग हाच आहे, आणि त्याचीच चर्चा सर्वांत कमी झाली.

नजर वाढवली की गुप्ततेला धक्का बसतो, हेही इथे कबूल केले पाहिजे. मतपत्रिकांच्या काळात अनेक केंद्रांच्या मतपत्रिका मिसळून मोजण्याची तरतूद होती, जेणेकरून कोणत्या गावाने कोणाला मते दिली हे कळू नये. यंत्राने केंद्रनिहाय आकडे पुन्हा उघडे केले. जिंकलेला पुढारी आता वाडीवाडीचा हिशेब हातात धरून पाण्याचा टँकर कुठे पाठवायचा नाही ते ठरवू शकतो. अनेक यंत्रांची मते एकत्र मोजणारे टोटलायझर आयोगाने २००८ साली सुचवले, विधी आयोगाने २०१५ ला उचलून धरले, सरकारने ते नाकारले. प्रामाणिकपणे पाहिले तर इथे दोन चांगल्या गोष्टींत झगडा आहे: केंद्रनिहाय आकडा हे तक्रारदाराचे हत्यार आहे आणि सूड घेणाऱ्याचेही.

या सगळ्याला एक ठराविक उत्तर दिले जाते: नियमांचे काय घेऊन बसलात, टी. एन. शेषन नावाचा माणूस आला म्हणून निवडणुका सुधारल्या. १९९० ते १९९६ या काळात शेषन यांनी केलेल्या दणक्याचे मोल कमी करण्याचे कारण नाही. मात्र आचारसंहिता त्यांनी जन्माला घातली नाही. तिचे मूळ १९६० च्या केरळातल्या पक्षांच्या समझोत्यात आहे, आणि सत्ताधारी पक्षावरची कलमे १९७९ ची आहेत. केंद्र बळकावण्याविरुद्धचा कायदाही त्यांच्या आधीचा. शेषन यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये देशातल्या सगळ्या निवडणुकाच थांबवल्या, कारण आयोगाकडे स्वतःची माणसे नाहीत. तलाठी, शिक्षक, पोलीस सगळे सरकारचे आणि उसने. त्या भांडणातून निवडणुकीपुरती ही माणसे आयोगाच्या शिस्तीखाली येण्याची वाट मोकळी झाली. छायाचित्र ओळखपत्रही त्यांचेच, आणि ते टिकले, कारण त्याने केंद्रातल्या प्रतिनिधीच्या हाती पडताळायला चेहरा दिला. त्यांचा दरारा मात्र त्यांच्याबरोबर गेला. खमक्या माणसाची वाट पाहत बसणारा देश दोन खमक्यांच्या मधल्या काळात काय करतो, या प्रश्नाला व्यक्तिपूजकांकडे उत्तर नसते.

न्यायालये आहेत की, असेही म्हटले जाते. आहेत, पण उशिरा. मतदान आणि मोजणी चालू असताना न्यायालयाने मध्ये पडू नये, तक्रार निकालानंतर याचिकेने करावी, हे १९५२ च्या पोन्नुस्वामी खटल्यात ठरले आणि ते शहाणपणाचेच होते. नाहीतर प्रत्येक निवडणूक दिवाणी दाव्यासारखी लांबली असती. पण याचिका वेळेत निकाली निघाली नाही तर हरलेल्याच्या हाती कागद तेवढा उरतो. विलेपार्ल्याची डिसेंबर १९८७ ची पोटनिवडणूक धर्माच्या नावाने मते मागितल्याबद्दल उच्च न्यायालयाने १९८९ ला रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब ११ डिसेंबर १९९५ ला झाले. ती विधानसभा १९९० मध्येच संपली होती. याउलट १२ जून १९७५ रोजी न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हांनी पंतप्रधान इंदिरा गांधींची निवड रद्द केली, कारणे काय तर सरकारी अधिकाऱ्यांनी व्यासपीठ बांधून दिले आणि सरकारी नोकरीतल्या माणसाने प्रचार केला. वाहतूक पोलिसाने दंड करावा तेवढा अपराध, अशी त्यावर टिंगल झाली. त्यांच्याकडून हरलेल्या राजनारायण यांना मात्र त्या दिवशी कळले की व्यासपीठाचे लाकूड कोणी पुरवले हे विचारायचा हक्क आपल्याला आहे. पंतप्रधानांची निवड न्यायालयाच्या कक्षेबाहेर काढणारी घटनादुरुस्ती सरकारने लगोलग केली. तिचा तो भाग आणीबाणी चालू असतानाही सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबरात रद्द केला.

आता नजर न पोचलेल्या जागा. पैशाबद्दल थोडक्यात, कारण तिथे दडवणूक कायद्यानेच केली. उमेदवाराच्या खर्चावर मर्यादा आहे. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंवरलाल गुप्ता यांच्या खटल्यात पक्षाने त्याच्यासाठी केलेला खर्चही त्यात धरला, आणि काही आठवड्यांत कायदा बदलून तो वगळला गेला. प्रतिस्पर्ध्याने कितीही डोळे फाडून पाहिले तरी पक्षाच्या तिजोरीत त्याला प्रवेश नाही. निवडणूक रोख्यांनी तर देणाऱ्याचे नावच झाकले. १५ फेब्रुवारी २०२४ ला ती योजना घटनाबाह्य ठरेपर्यंत तिच्यावर सहा वर्षे निवडणुका झाल्या.

यादीचे दुखणे अधिक गंभीर आहे, कारण १९४९ साली ज्या रोगावर औषध म्हणून आयोग निर्माण झाला तोच हा रोग. बिहारमध्ये २०२५ च्या मतदारयाद्यांच्या विशेष पुनरीक्षणात प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावे गळाली. ती नावे आणि प्रत्येकाचे कारण जाहीर करा, असे आयोगाला सर्वोच्च न्यायालयाने १४ ऑगस्ट रोजी सांगावे लागले. महाराष्ट्रात २०२४ च्या लोकसभा आणि विधानसभा निवडणुकांच्या मधल्या काही महिन्यांत वाढलेल्या मतदारसंख्येवर विरोधकांनी प्रश्न विचारले, आयोगाने आरोप फेटाळले. कोण बरोबर हे ठरवायचे साधन म्हणजे संगणकाने शोधता येईल अशी यादी. ती पक्षांना द्यायला आयोग राजी नाही आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती देण्याचा आदेश नाकारला. याद्या चित्ररूपात मिळतात, म्हणजे दुबार नाव शोधायचे तर एकेक पान डोळ्यांखालून घाला. डिसेंबर २०२४ मध्ये निवडणूक नियमांतला नियम ९३ बदलून मतदान केंद्रातल्या चित्रीकरणासारख्या नोंदी लोकांना पाहण्यापासून रोखल्या गेल्या. मतदारांच्या खाजगीपणाचे कारण दिले जाते. चित्रीकरणाबाबत त्यात थोडे तथ्य आहे. यादीबाबत नाही, कारण ती तशीही जाहीरच असते. जाहीर करायची पण शोधू द्यायची नाही, या धोरणाचे समर्थन मला सापडलेले नाही.

शेवटी नेमणूक. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की संसद कायदा करेपर्यंत पंतप्रधान, विरोधी पक्षनेता आणि सरन्यायाधीश यांच्या समितीने आयुक्त निवडावेत. डिसेंबरात संसदेने, १९४९ मध्ये उधार ठेवलेला तो कायदा केला आणि सरन्यायाधीशांच्या जागी पंतप्रधानांनी नेमलेला मंत्री बसवला. तिघांत दोन सरकारचे. गावातल्या मतदान केंद्रात कोणत्याही पक्षाला अशी बैठक मान्य होणार नाही. सरकार निवडून आलेले आहे, मग नेमणुकीचा हक्क त्याचाच, हा युक्तिवाद ऐकायला सरळ वाटतो. पण पुढच्या निवडणुकीत हेच सरकार एक उमेदवार असते. कुंझरूंचा आक्षेप १९४९ साली बरोबर होता, आंबेडकरांनी तो खोडला नव्हता, आणि २०२३ च्या कायद्यानेही त्याला उत्तर दिलेले नाही.